जुन्या २५० सीसी एटीव्हीची ताकद वाढवायची आहे : सुरुवात कुठून करावी?

शिवारफेरी (यावल)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सुझुकीची ओझार्क २५० ही जुनी एटीव्ही (जाड टायरांची चारचाकी मोटारसायकल) आहे. शेत सातपुड्याच्या पायथ्याशी असून निम्मे सपाट काळ्या जमिनीचे आणि निम्मे नाल्यापलीकडच्या मुरमाड चढाचे आहे. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या गोण्या किंवा फवारणीचा पंप लादून त्या चढावर निघालो की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरते आणि मे महिन्याच्या दुपारी तर पहिल्या गिअरमध्येही रडतखडत चढते. गाडी सेकंड हँड घेतलेली आहे. आधीच्या मालकाने रिमसकट चाके बदलून २५ इंची टायर बसवले आहेत. ते रुबाबदार दिसतात आणि चिखलात गाडीचे पोट टेकत नाही. बाकी सर्व काही कंपनीचेच आहे, असे त्याचे म्हणणे होते.

ओळखीच्या एका मेकॅनिकने मोठा पिस्टन, खुला सायलेन्सर आणि बाहेरून बसवायचा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर असा एकगठ्ठा खर्च सांगितला आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु कशाने नेमके किती मिळते हे समजल्याशिवाय इंजिन खोलायचे नाही, असे ठरवले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गॅरेजपाटा (धुळे)

भाऊ, मोठा पिस्टन ही शेवटची पायरी आहे. कंपनीने दिलेली ताकद जागेवर आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. आणि माझ्याकडे ताकद वाढवायला म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींची ती जागेवर नसते.

पहिले काम फुकटचे आहे. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलून न्यूट्रलमध्ये चाके हाताने फिरवून पाहा. काळ्या मातीचा लगदा ब्रेकमध्ये वाळून बसला की ब्रेक सतत थोडा धरून राहतो, आणि मालक मात्र इंजिनाला दोष देत असतो. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट कमी झालेली असेल, तर इंजिन तापल्यावर तो व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो आणि गाडी सकाळी बरी व दुपारी मेलेली वाटते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. गेज लावून, इंजिन गरम असताना आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारायचा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भोकाचा), आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. मात्र अशा अनेक इंजिनांत स्टार्टरवरचा भार हलका करण्यासाठी सुरुवातीला दाब सोडून देणारी यंत्रणा कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) असते, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा गेजवर कमी दिसू शकतो. म्हणून मी कॉम्प्रेसरची हवा सोडून पाहतो. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरली आणि कान लावला, की फुसफुस कुठून येते ते लगेच कळते. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि ऑइल भरण्याच्या भोकातून आली तर रिंगा. एवढे करून मग पुढचे बोलू.

तापीकाठ (जळगाव)

गॅरेजपाटा यांनी सांगितलेली तपासणी जरूर करावी, परंतु या प्रकरणातला मोठा दोषी पहिल्याच पोस्टमध्ये उभा आहे आणि त्याचे नाव २५ इंची टायर.

ओझार्कला मुळात २२ इंची टायर येतात. २२ चे २५ केले की एका फेरीत गाडी सुमारे १३.६ टक्के जास्त अंतर कापते, म्हणजे प्रत्येक गिअर तितका लांब होतो आणि त्याच टॉर्कवर (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरावर) जमिनीशी मिळणारी ओढ १२ टक्क्यांनी घटते. मोठ्या चाकाचे वाढलेले वजन फिरवायला लागणारा जोर वेगळाच. आता मोठ्या पिस्टनचे गणित पाहा. या इंजिनाचा बोअर ६६ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली हालचाल) ७२ मिलिमीटर, म्हणून ते २४६ सीसी. बोअर ६९ मिलिमीटर केला तर २६९ सीसी होतात, म्हणजे वाढ ९ टक्क्यांच्या आसपास. आणि तीही बाकी सर्व जमून आले तर. थोडक्यात, लेथवाला, पिस्टन, गॅस्केट आणि मजुरी एवढा सगळा खर्च करूनही टायरांनी खाल्लेले पूर्ण परत मिळणार नाही.

साखळीवर चालणारी गाडी असती तर स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) बदलून ही भरपाई करता आली असती, परंतु ओझार्क शाफ्टवर चालते, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. मूळ मापाचे टायर बसवले तर गाडीची उंची साधारण ३८ मिलिमीटरने कमी होईल. चिखलात पोट टेकणे आणि चढावर दम सोडणे यांतील कोणते दुखणे परवडते, ते शेत पाहून तुम्हीच ठरवायचे आहे.

राहिला मे महिना. २५ अंशांची हवा ४५ अंशांना गेली की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी उतरते, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. भुसावळ-यावल पट्ट्यात उन्हाळ्यात हे घडणारच. त्यात इंजिन हवेवर थंड होणारे, आणि चढावर गाडीचा वेग इतका कमी की इंजिनावरच्या धातूच्या पात्यांवरून वारा वाहतच नाही. शक्य असेल तर चढाची कामे सकाळी उरकणे हा मी सुचवू शकेन असा सर्वांत स्वस्त उपाय आहे, जरी तो ऐकायला कोणी धाग्यावर येत नाही.

रानवाट (शहादा)

थोडा वेगळा सूर लावतो, कारण इथे सगळे मॉडिफिकेशनच्या विरोधातच बोलत आहेत असे वाटते. माझ्याकडे यामाहाची रॅप्टर ७०० आहे, ६८६ सीसीची आणि फ्युएल इंजेक्शनची. तिला पूर्ण एक्झॉस्ट बसवला, एअरबॉक्सचे (फिल्टरच्या डब्याचे) झाकण काढून जास्त हवा घेणारा फिल्टर लावला आणि त्यानुसार इंधन वाढवणारा कंट्रोलर जोडला. फरक स्पष्ट जाणवतो; विशेषतः वरच्या आरपीएमला गाडी पूर्वी जिथे सुस्तावायची तिथे आता ओढत राहते. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून १४ चे १३ केले, त्याने चढावरची ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढली आणि खर्च मात्र संपूर्ण यादीत सर्वांत कमी आला.

तोरणमाळला नातेवाइकांच्या शेतावर गाडी पिकअपमध्ये घालून नेतो. तिथली उंची सुमारे ११५० मीटर असल्याने शहाद्याच्या मानाने हवा जवळजवळ दहा टक्के विरळ असते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या जोरावर इंधन आपोआप कमी करते. कार्ब्युरेटरची गाडी तिथे काळा धूर सोडते. तेव्हा सायलेन्सर आणि फिल्टर हे खूळ आहे असे मी म्हणणार नाही. इंधन न जुळवता ते बसवणे हे खूळ आहे.

तापीकाठ (जळगाव)

रानवाट दादा, तुमच्या गाडीवर ते लागू पडते याबद्दल वाद नाही. मात्र दोन्ही गाड्यांची कामे वेगळी आहेत. ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार; टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन आरपीएमने गुणले आणि ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. खुला एक्झॉस्ट किंवा जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅमशाफ्ट हा टॉर्क वरच्या आरपीएमकडे सरकवतो आणि तिथे गुणाकार मोठा होतो. मोकळ्या मैदानात रॅप्टर पळवणाऱ्याला तेच हवे असते. गोण्या लादून दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्याला टॉर्क खालच्या आरपीएमला हवा असतो, आणि असा कॅम नेमका तोच कमी करतो. त्यामुळे शिवारफेरी यांनी कॅमच्या वाटेला जाऊ नये. तुमचा स्प्रॉकेटचा दाखला मात्र माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतो.

गॅरेजपाटा (धुळे)

बाहेर लटकणाऱ्या शंकू फिल्टरबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागात इंजिने त्यानेच मरतात.

एअरबॉक्स काढून फिल्टर थेट कार्ब्युरेटरला लावला की हवा जास्त मिळते हे खरे. परंतु ती हवा कोणती? मागच्या चाकांनी उडवलेली. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि नाल्याकाठच्या वाळूतील कण तर पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखे घासतात. कंपनीने एअरबॉक्सचे तोंड उंचावर, सीटखाली दिलेले असते ते उगाच नव्हे. शेतात कापूस, मका किंवा हरभऱ्याच्या काढणीच्या वेळी असा फिल्टर लावून फिरलेल्या गाडीचा बोअर मी उघडून पाहिला आहे. वरच्या कडेला नख अडकेल इतकी पायरी पडलेली होती आणि पिस्टनच्या कडांवर उभे राखाडी ओरखडे होते.

फिल्टर स्पंजचा असेल तर आधी रॉकेलमध्ये आणि नंतर साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळताना मुरगाळू नये, सावलीत पूर्ण वाळवावा आणि फिल्टर ऑइल सगळीकडे सारखे मुरेल असे दाबून लावावे. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही. बसवण्यापूर्वी एक परीक्षा जरूर करा. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबरी नळीच्या आतल्या बाजूला बोटाने ग्रीसचा पातळ थर फिरवा, गाडी दिवसभर धुळीत चालवा आणि संध्याकाळी तीच जागा पुसून पाहा. ग्रीस स्वच्छ असेल तर फिल्टर बंदोबस्तात आहे. त्यात कचकच लागली तर धूळ कुठून तरी चोरवाटेने आत जाते आहे, आणि तोवर ताकद वाढवण्याच्या गप्पा व्यर्थ आहेत.

केळीबाग (रावेर)

विषय चालूच आहे तर माझाही प्रश्न विचारतो. आमच्याकडे पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० आहे आणि तिच्यामागे ट्रॉली जोडून आम्ही बागेतून केळीचे घड रस्त्यापर्यंत आणतो. इंजिन दमत नाही, परंतु ओल्या बागेतून भरलेली ट्रॉली ओढताना बेल्ट जळाल्याचा वास येतो आणि गाडी रेटा घेत नाही. ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून केल्याने हे सुटेल, असे कोणीतरी सुचवले आहे.

गॅरेजपाटा (धुळे)

नाही सुटणार, उलट वाढेल. घसरणाऱ्या बेल्टवर आणखी ताकद लादली तर तो आणखी लवकर जळेल.

तुमच्या गाडीतील क्लचचे तत्त्व अ‍ॅक्टिवाच्या व्हेरिएटरसारखेच आहे. आरपीएम वाढले की पुढच्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, पुलीचे दोन भाग जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर लांब होतो. वजने हलकी केली तर हे सर्व उशिरा घडते आणि इंजिन जास्त आरपीएमला राहून ओढते. मोठे टायर किंवा कायमचे ओझे असलेल्या गाडीला म्हणूनच क्लच किट देतात. परंतु त्याआधी एक साधी गोष्ट: ट्रॉली ओढताना तुम्ही गाडी ‘लो’ गिअरमध्ये टाकता का? भरलेल्या ट्रॉलीसह ‘हाय’मध्ये हळूहळू चालवणे हेच बेल्ट जळण्याचे बहुतेक वेळा कारण असते. शिवाय बेल्टच्या डब्याला हवा देणारी नळी केळीच्या वाळलेल्या पानांनी किंवा चिखलाने तुंबलेली नाही ना, तेही पाहा. बेल्ट एकदा चकचकीत झाला की तो बदलावा लागतो आणि त्याच वेळी पुलीचे तोंड स्वच्छ करावे लागते. तिथे ग्रीसचा हात लावू नये.

सूतगिरणी (चोपडा)

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या एटीव्हीची नोंदणीच नाही ती तर रस्त्यावर आणताच येत नाही, तेव्हा तिचे क्षेत्र स्वतःच्या बांधाच्या आतच.

यावल भागात आणखी एक भान ठेवावे लागते. अभयारण्याची हद्द शेजारी आहे आणि खुल्या सायलेन्सरचा आवाज डोंगरातून दूरवर जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारी जाळी असते. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवतातून आणि पऱ्हाटीच्या ढिगाशेजारून गाडी नेताना ती जाळी काढून टाकलेली असणे म्हणजे वणव्याला आमंत्रण आहे. सायलेन्सर बदलायचाच असेल तर जाळी असलेलाच घ्यावा.

शिवारफेरी (यावल)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. मागचा ब्रेक खरोखरच धरत होता. तो खोलून साफ केल्यावर चाक एका हाताने फिरू लागले. फिल्टरच्या स्पंजला बोट लावताच त्याचा चुरा झाला. ग्रीसची परीक्षा करण्याची गरजच उरली नाही, कारण रबरी नळीच्या आत आधीच तांबूस धुळीचा थर होता. टॅपेट ठीक आहेत. हवा भरून पाहिली तेव्हा फुसफुस ऑइलच्या भोकातून आली, म्हणजे रिंगा गेल्या आहेत.

टायर बदलायचे ठरवले आहे. परंतु आता इंजिन उघडावेच लागणार आहे, तेव्हा उघडतोच आहे तर सरळ ६९ चा पिस्टन का घालू नये? शिवाय जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन घेतला तर हल्ली मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर तो चालेल का?

रानवाट (शहादा)

मी असतो तर घातला असता. उघडण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते.

तापीकाठ (जळगाव)

मजुरी सारखी पडते, उष्णता सारखी पडत नाही. बोअर ३ मिलिमीटरने वाढवला की लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत दीड मिलिमीटरने पातळ होते आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तीच भिंत उष्णता बाहेर नेत असते. कॉम्प्रेशन वाढवले तर त्यात भर पडते. ई-२० चा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे नॉकिंगच्या (इंधन अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांच्या) दृष्टीने ते पेट्रोल वाईट नाही. खरी अडचण मिश्रणाची आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५ पटच पुरते. कार्ब्युरेटरमधला जुना जेट (इंधनाचे मोजके भोक) तितकेच इंधन देत राहतो, म्हणजे गाडी आपोआप ‘लीन’ (इंधन कमी, हवा जास्त) चालते, आणि पूर्ण थ्रॉटलवर जास्तीत जास्त ताकद तर थोड्या ‘रिच’ (इंधन जास्त) मिश्रणावर मिळते. आज तुमची गाडी चढावर तापते त्यात याचाही वाटा असू शकतो. तेव्हा पिस्टन कोणताही घाला, मेन जेट एक-दोन आकडे मोठा करून पाहणे भाग आहे. इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते, म्हणून कार्ब्युरेटरचे ओ-रिंग व इंधनाची नळी याच वेळी बदलून घ्यावी.

गॅरेजपाटा (धुळे)

माझे मत पहिल्या ओव्हरसाइजचे, म्हणजे मूळ मापाहून पहिल्या मोठ्या पिस्टनचे आहे. ६६.५ चा पिस्टन घातला तर सीसी फक्त २५० होतात, परंतु जो दाब सध्या रिंगांतून ऑइलमध्ये निसटतो आहे तो पिस्टनवर बसू लागेल, आणि चढावर तुम्हाला जाणवेल ते तेच. शिवाय पुढे पुन्हा बोअर करायला लायनरमध्ये जागा उरते; ६९ ला गेल्यावर पुढच्या वेळी लायनरच बदलावा लागतो.

लेथवाल्याकडे सिलिंडर नुसता देऊ नका. नवा पिस्टन सोबत द्या आणि पिस्टन मोजूनच बोअर करायला सांगा. फट किती ठेवायची ते मॅन्युअलमधून घ्या. बोअरनंतर होनिंगचे (दगडाने घासण्याचे) तिरपे, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे दिसले पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर परत करा, कारण त्यात रिंगा बसत नाहीत. प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजून घ्या.

पहिल्या काही टाक्यांपर्यंत एकसारखा थ्रॉटल ठेवू नका, ओझे लादू नका आणि पहिले ऑइल लवकर बदला. त्यानंतर जेटची परीक्षा करा. नवा प्लग लावून गरम गाडी पूर्ण थ्रॉटलवर चढावर न्या आणि तिथेच किल स्विच दाबून थांबवा. मंद चालवत घरी आणलेल्या गाडीचा प्लग खोटे सांगतो. हल्लीच्या पेट्रोलवर प्लगचे टोक फिकेच दिसते, म्हणून भिंगातून खाली, चिनी मातीचा भाग धातूला मिळतो त्या मुळाशी पाहा. तिथे बारीक तपकिरी कडे असेल तर जेट बरोबर आहे, कडे अजिबात नसेल तर एक आकडा मोठा घाला आणि काजळी वरपर्यंत चढलेली असेल तर एक आकडा मागे या. नवा स्पंज बसवल्यानंतरच ही परीक्षा करावी, नाहीतर जेट पुन्हा बदलावा लागेल.